बाळाच्या अंघोळीचा टब कसा निवडावा? आधी मोरी मोजा

बारशाच्या भेटवस्तूंत एखादा टब हमखास निघतो, आणि बऱ्याच घरांत दोन-तीन महिन्यांत तो माळ्यावर जातो. टब वाईट असतो असं नाही. तो मोरीत मावत नाही, किंवा मावला तर अंघोळ घालणाऱ्याला टेकायला जागा उरत नाही. म्हणून रंग, आकार आणि टबाबरोबर फुकट मिळणारं बदक बघण्याआधी आपल्या घरापासून सुरुवात करा.

१. अंघोळ कोण घालणार, हे ठरवा

आजी किंवा मालिशवाल्या मावशी पाटावर बसून पाय लांब करणार, बाळाला पायांवर घेऊन तांब्याने पाणी घालणार असं ठरलेलं असेल, तर पहिले तीन-चार महिने काहीच विकत घेऊ नका. ही पद्धत चांगली आहे. पाणी वाहून जातं, साचत नाही, आणि बाळाचं सगळं अंग हाताखाली राहतं. फक्त कान-नाकात तेल सोडणं, टाळूवर दाब देणं आणि नंतरची धुरी या तीन गोष्टींना गोड बोलून नकार द्या. बाळ पालथं असताना तोंड-नाक मोकळं आहे ना, तेवढं बघा.

आई-बाबाच अंघोळ घालणार असतील तर त्यांची पाठ आणि गुडघे हा मुख्य मुद्दा. सिझेरियन झालेल्या आईला खाली वाकून टब हलवणं झेपत नाही आणि तिने ते करूही नये. अशा वेळी टब जमिनीवर ठेवून शेजारी बुटक्या स्टुलावर बसून अंघोळ घालणं सगळ्यांत सोयीचं. ओट्यावर किंवा टेबलावर टब ठेवायचा मोह टाळा. ओलं बाळ हातातून निसटलं तर जमिनीवरून फार लागत नाही, ओट्यावरून लागतं.

नातवासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आज्यांसाठी एक सूचना. तिथल्या बऱ्याच घरांत बाथरूमच्या फरशीला पाणी जायला जाळी नसते. पाय पसरून तांब्याने पाणी घालायची सवय तिथे बसवलेल्या मोठ्या बाथटबच्या आतच चालते. त्यामुळे तिकडे त्या बाथटबमध्ये मावेल असा छोटा टब घ्यावाच लागतो.

२. टेप घेऊन मोजमाप करा

मोरीची लांबी-रुंदी मोजा, दार आत उघडतं का ते बघा, आणि टब ठेवल्यावर तुमचं स्टूल कुठे येईल ते खडूने फरशीवर आखा. बाजारातले साधे टब साधारण ७० ते ८५ सेंटिमीटर लांब असतात. ऑनलाइन घेताना दिलेलं माप बहुतेकदा बाहेरून घेतलेलं असतं, आतली जागा त्याहून कमी भरते.

दुसरं गणित वजनाचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टबात १५ लिटर पाणी घेतलं तर तेवढेच किलो झाले. भरलेला टब उचलून मोरीत ओतायचा, ही कल्पनाच सोडून द्या. म्हणजे टबाला तळाशी बूच हवंच, आणि टब तिथेच ठेवायचा जिथून पाणी आपोआप वाहून जाईल.

३. बाळाच्या वयाप्रमाणे वस्तू ठरवा

जन्मानंतर निदान २४ तास अंघोळ घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढे नाळेचा तुकडा गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते तीन आठवडे, ओल्या मऊ कापडाने अंग पुसलं तरी भागतं. त्यामुळे बाळ येण्याआधी घाईने टब आणून ठेवायची गरज नाही.

मान धरेपर्यंत बाळाला कललेल्या आधाराची गरज असते. यासाठी आपल्याकडे सर्रास मिळतो तो जाळीचा बाथर, म्हणजे तारेच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीवर ताणलेलं जाळीचं कापड. छोट्या फ्लॅटसाठी मला तोच सगळ्यांत बरा वाटतो. फरशीवर ठेवा, तांब्याने पाणी घाला, दुमडून खिळ्याला टांगा. मात्र तो फरशीवरच वापरा. पाणी भरलेल्या टबात किंवा स्टुलावर ठेवला की तो कलंडू शकतो. टब घ्यायचा असेल तर आतच उतार असलेला आणि मध्ये छोटा उंचवटा असलेला घ्या, बाळ त्यावर अडतं आणि खाली घसरत नाही.

बसायला लागल्यावर, साधारण सहा-सात महिन्यांनी, बाथर बाद होतो. तेव्हा सपाट तळाचा साधा टब पुरतो.

४. दुकानात हाताने तपासा

सगळ्या कडांवरून बोटं फिरवा, साच्याची धारदार रेघ राहिलेली असते. टब दोन्ही हातांनी पिळून बघा, फार लवचीक असेल तर पाण्याच्या वजनाने फुगतो. तळ बाहेरूनही खडबडीत हवा. दुमडायचा टब असेल तर पायांची खटकी लावून वरून जोर द्या, आणि सांध्यांच्या फटीत बाळाचं बोट जाईल का ते पाहा. या सांध्यांत बुरशीही लवकर धरते, म्हणून जागेची फारच अडचण नसेल तर एकसंध टब बरा. बाथरच्या जाळीची शिवण ओढून बघा. किती किलोपर्यंत चालतो हे लिहिलेलं नसेल तर तो परत ठेवा. सोबत खेळणी असतील तर त्यांवर आयएसआय चिन्ह हवं, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे.

५. या गोष्टी घेऊ नका

रबरी चूषकांनी तळाला चिकटणारी बसकी, म्हणजे बाथ सीट. दिसायला अगदी निर्धोक, आणि नेमकी तिथेच फसगत. चूषक फक्त गुळगुळीत पृष्ठभागाला धरतो. खरखरीत लादीवर किंवा साबणाच्या पाण्यात तो सुटतो, बसकी आडवी होते आणि पाय अडकल्यामुळे बाळाला डोकं वर काढता येत नाही. बुडायला चार-पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं आणि ते आवाज न होता घडतं. शिवाय बाळ ‘बसवलेलं’ आहे म्हटल्यावर मोठी माणसं टॉवेल आणायला उठतात.

बाळाला पाण्यात तरंगतं ठेवायला गळ्यात घालतात त्या हवा भरलेल्या कड्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध नियामक संस्थेने, २०२२ मध्ये इशारा दिला होता. ते नकोच. हवा भरायचा टब प्रवासात मोहात पाडतो, पण हवा कमी झाली की त्याची बाजू खचते.

६. पहिल्या अंघोळीआधी रंगीत तालीम करा

उशी किंवा बाहुली घेऊन रिकाम्या टबात हात कसा राहतो ते पाहा: एक हात मानेखालून पलीकडच्या दंडाभोवती, दुसरा मोकळा. टॉवेल, साबण, दुपटं, लंगोट हाताच्या अंतरावर ठेवा. आधी गार पाणी, मग गरम, आणि ढवळून मगच कोपर बुडवून बघा. ३७-३८ अंश पुरे. कोपराला कोमट लागायला हवं, गरम नाही. पाणी पाच ते आठ सेंटिमीटर. बाळ टबात असताना नळ सोडू नका, गीझरचं पाणी अचानक कढत येतं. बादलीत पाणी तापवायचा रॉड असेल तर बटण बंद, प्लग काढलेला आणि रॉड मोरीबाहेर, मगच बाळाला आत आणा. पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरका. बेल वाजली तर बाळाला गुंडाळून सोबत घ्या, किंवा वाजू द्या.

रांगणाऱ्या बाळाच्या घरी मोरीत भरलेली बादली उघडी ठेवू नका. त्यात डोकावणारं बाळ डोक्यावर पडतं आणि त्याला परत सरळ होता येत नाही.

वापरल्यावर टब बूच काढून उभा करा आणि रोज जमेल तेव्हा उन्हात ठेवा. बाथरची जाळी आठवड्यातून एकदा धुवा, काळे ठिपके दिसले तर कापड बदला. नात्यातून आलेला जुना टब चालतो, पण तळाला तडा गेलेला असेल तर त्यात कपडे भिजवा.