एपीआय मॅपिंगच्या नादी लागणार असाल तर आधी सबस्ट्रिंगचं ऐका

मास्टर्सच्या प्रोजेक्टला एपीआय मॅपिंग हा विषय घेतला तेव्हा मला तो चक्क सोपा वाटला होता. एपीआय म्हणजे प्रोग्रामिंग भाषेत तयार मिळणाऱ्या मेथड (फंक्शन), आणि जावा या भाषेतल्या कुठल्या मेथडच्या जागी सी शार्प या भाषेतली कुठली मेथड बसते हे मशीनने शिकायचं, एवढंच ना! एवढ्याशा त्या कामात माझं दीड वर्ष गेलं आणि त्यातले चार-पाच महिने एकाच चुकीपायी पाण्यात गेले. त्या चुकीवरच जास्त लिहितोय, बाकीचं तुम्हाला कुठेही सापडेल.

बेसिक माहीत असेलच. कोडमधल्या एपीआय कॉल्सची ओळ म्हणजे वाक्य धरायचं, प्रत्येक कॉल म्हणजे शब्द, आणि वर्ड-टू-वेकसारखं (शब्दाच्या शेजाऱ्यांवरून शिकणारं मॉडेल) ट्रेनिंग करून दोन्ही भाषांचे वेगवेगळे व्हेक्टर, म्हणजे प्रत्येक कॉलसाठी आकड्यांची एक यादी, काढायचे. २०१३ मध्ये मिकोलोव आणि मंडळींनी इंग्रजी-स्पॅनिशचे व्हेक्टर एका मॅट्रिक्सने एकमेकांवर बसवून दाखवले होते, तीच युक्ती २०१७ मध्ये एपीआय-टू-वेकवाल्यांनी जावा-सी शार्पला लावली. खात्रीच्या काही जोड्या आपण हाताने द्यायच्या, त्यांना सीड म्हणतात, त्यावरून मॅट्रिक्स काढायचं आणि मग नवीन मेथड टाकली की पलीकडे तिच्या सगळ्यात जवळ कोण ते बघायचं. मी तेच केलं, टॉप-वनचे आकडे (पहिलंच उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण) मस्त आले, गाईड खूश, मी तर हवेतच.

मग एकदा लॅबमधल्या एका सिनियरने विचारलं, की तू हे मॅपिंग वापरून बदललेलं कोड कधी चालवून बघितलंस का? नव्हतं बघितलं.

जावात पण सबस्ट्रिंग आहे, सी शार्पमध्ये पण सबस्ट्रिंग आहे, नाव तेच, अक्षरांच्या माळेतून (स्ट्रिंग) तुकडा काढायची मेथड, दोन पूर्णांक घेते, स्ट्रिंग परत देते. मॉडेलने ही जोडी पहिल्या नंबरला दिली, माझ्या उत्तरसूचीतही हीच जोडी बरोबर म्हणून लिहिलेली, म्हणजे पैकीच्या पैकी मार्क. पण जावाचा दुसरा आकडा म्हणजे कुठे थांबायचं ती जागा, आणि सी शार्पचा दुसरा आकडा म्हणजे किती अक्षरं घ्यायची ती लांबी! 'कखगघचछ' घ्या (जागा शून्यापासून मोजतात आणि थांबायच्या जागेवरचं अक्षर धरत नाहीत) आणि २, ४ द्या. जावा 'गघ' देतं, सी शार्प 'गघचछ' देतं. ३, ५ दिलं तर जावा 'घच' देतं आणि सी शार्प सरळ एक्सेप्शन (एरर) फेकतं, कारण तिसऱ्या जागेपासून पुढे पाच अक्षरं शिल्लकच नाहीत. आणि खरी मेख पुढे आहे, सुरुवात ० असली की थांबायची जागा आणि लांबी हे एकच होतं, दोन्हीकडे उत्तर सेम येतं. माझ्या मोजक्या टेस्ट सगळ्या शून्यापासून सुरू होणाऱ्या होत्या, त्यामुळे त्या सगळ्या पास! दिसतं तसं नसतं म्हणतात ते हेच.

एकदा हे कळल्यावर मी वेड्यासारखा शोधत सुटलो. स्ट्रिंगबिल्डरच्या डिलीट आणि रिमूव्हमध्ये हाच घोळ, एकीकडे शेवटची जागा, दुसरीकडे लांबी. लिस्टच्या सबलिस्ट आणि गेटरेंजमध्ये हाच घोळ, वर जावाची सबलिस्ट मूळ लिस्टलाच जोडलेली असते आणि गेटरेंज नवी लिस्ट बनवून देतं. किल्ली आणि तिची व्हॅल्यू ठेवायला जावात हॅशमॅप आहे, सी शार्पमध्ये डिक्शनरी. हॅशमॅपचं पुट जुन्या किल्लीवर निमूट नवी व्हॅल्यू लिहितं, डिक्शनरीचं अ‍ॅड तिथे एक्सेप्शन देतं. स्ट्रिंग तोडणाऱ्या स्प्लिटला जावात रेजेक्स (अक्षरांचा नमुना, त्यात टिंब म्हणजे कुठलंही अक्षर) लागतो, त्यामुळे टिंब देऊन तोडायला गेलात तर हातात रिकामा अ‍ॅरे येतो. हॅजनेक्स्ट (पुढे काही आहे का एवढंच विचारणारं) आणि मूव्हनेक्स्टचं (विचारता विचारता एक पाऊल पुढे जाणारं) तर विचारूच नका, हॅजनेक्स्ट दोनदा विचारलं तरी काही बिघडत नाही, मूव्हनेक्स्ट दोनदा बोलावलं की मधला एक एलिमेंट गायब.

घोडं पेंड खातं ते असं की मॉडेल कोणाच्या आजूबाजूला कोण बसतं एवढंच बघतं. म्हणून तर अ‍ॅड आणि रिमूव्हसुद्धा त्याला सख्खे भाऊ वाटतात, दोघांचा शेजार सारखाच ना. मेथड आत काय करते हे त्याला दिसत नाही, आणि तुमची उत्तरसूची नावांच्या जोड्यांची असेल तर तिलाही दिसत नाही. त्यामुळे आकडे कितीही चांगले आले तरी चूक मापातच असते आणि तुम्ही मॉडेलच ट्यून करत बसता. मी बसलो होतो, व्हेक्टरची साइझ बदल, विंडो (किती लांबपर्यंतचे शेजारी बघायचे ते) बदल, रात्रभर जीपीयू चालू.

एक सरळच सांगतो, डेटा सीड आणि टेस्टमध्ये वाटताना झोपू नका. ल्युसीन आणि ल्युसीन डॉट नेट, हायबरनेट आणि एनहायबरनेट असे जावा-सी शार्पमध्ये एकमेकांवरून उतरवलेले प्रोजेक्ट या कामात सोन्यासारखे असतात, पण सीड काढायला तेच आणि टेस्टला पण तेच घेतले तर ती परीक्षा नाही, कॉपी आहे. आणि एलएलएमला (चॅटजीपीटीसारख्या भाषा मॉडेलला) विचारून उत्तरसूची बनवणारे तर अजून पुढचे, त्याच मॉडेलला मग त्याच सूचीवर तपासतात, म्हणजे पेपर काढणारा, देणारा आणि तपासणारा एकच. सीडसाठी खुशाल विचारा, मीही विचारतो, पण चालवून बघितल्याशिवाय एक जोडी आत घेऊ नका.

टाइप रिझॉल्व्ह न करता, म्हणजे मेथड कुठल्या क्लासची ते न शोधता, नुसतं ट्री-सिटरने (कोडची फक्त रचना वाचणारं टूल) कॉल्स काढू नका, गेट नावाच्या हजार मेथड एका व्हेक्टरमध्ये कोंबल्या जातात. टाइप शोधायला सी शार्पला रोझलिन आहे, जावाला ईक्लिप्सचं जेडीटी आहे, सेटअपला आठवडा गेला तर जाऊ दे.

गाईडबद्दल माझं मत जरा कडू आहे. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ भेटतील, आकडे बघून मान डोलावतील. तुम्ही असा कोणीतरी शोधा ज्याने नोकरीत खरंखुरं मायग्रेशन केलंय आणि त्यापायी शिव्या खाल्ल्यात, तो डिग्रीने लहान असला तरी चालेल.

आणि घाबरू नका हो. गणित फार नाही लागत, लिनिअर अल्जेब्राचं जेवढं बीईला झालं तेवढ्यावर माझं भागलं. माझे मॅपिंगही फेकून द्यावे लागले नाहीत, शेवटी प्रत्येक जोडीपुढे आर्ग्युमेंट (मेथडला दिलेली किंमत) कसं बदलायचं याचा एक कॉलम वाढवला. सबस्ट्रिंगपुढे लिहिलं, दुसऱ्यातून पहिला वजा करा. मग प्रत्येक जोडी दोन्हीकडे त्याच इनपुटवर चालवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, त्यात रिकामी स्ट्रिंग, नल, नसलेली किल्ली, आणि शून्यापासून सुरू न होणारे आकडे मुद्दाम घातले. टॉप-वनचा आकडा चांगलाच खाली आला आणि व्हायवाला मी तोच खालचा आकडा दाखवला.