गेमसाठी संगीत करताय? या चुका टाळा

सिनेमाचा सीन दोन मिनिटं दहा सेकंदांचा असेल, तर पार्श्वसंगीतही तेवढंच लागतं. गेममध्ये तोच सीन एक खेळाडू वीस सेकंदांत उरकतो, दुसरा बंद दारापाशी अर्धा तास घुटमळतो आणि तिसरा गेम तसाच चालू ठेवून चहा टाकायला जातो. नवे संगीतकार बहुतेक इथेच अडखळतात. हात तयार असतो, सॉफ्टवेअर पाठ असतं, पण डोक्यात अजून सिनेमाच चालू असतो.

लूप फिरताना ‘टक्’ ऐकू येतं

खेळाडू किती वेळ थांबेल ते ठाऊक नसतं, म्हणून गेममध्ये संगीताचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवतात; तोच लूप. तो फिरताना टक् येत असेल तर आधी फाइलचा प्रकार बघा. एमपीथ्री बनवताना एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता चिकटवतो. एकदा ऐकताना ती जाणवत नाही, पण लूप फिरला की ठेका लंगडतो. म्हणून डब्ल्यूएव्ही किंवा ऑग व्हॉर्बिस द्या. तरीही टक् येत असेल तर कापलेली जागा तपासा. वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, शून्य रेषेवर असतानाच कापायला हवा. टक् येत नाही, पण आवाज एकदम कोरडा पडतो? मग रिव्हर्बची, म्हणजे सूर थांबल्यावर मागे रेंगाळणाऱ्या घुमाराची, शेपटी तुटली आहे. तुकडा लागोपाठ दोनदा वाजवून रेंडर करा (त्याची फाइल काढा) आणि दुसरं आवर्तन कापून घ्या. पहिल्याची घुमार दुसऱ्याच्या सुरुवातीत आपोआप मिसळलेली असते. इंट्रो असेल तर त्याची फाइल वेगळी ठेवा.

तांत्रिक दोष नसूनही लूप नकोसा होतो, तेव्हा दोष रचनेत असतो. शेवटी दणदणीत तिहाई घेऊन समेवर येणं मैफलीत टाळ्या मिळवतं. दर पन्नास सेकंदांनी तीच तिहाई आली की खेळाडू सेटिंगमध्ये जाऊन संगीत बंद करतो. शेवटच्या मात्रांनी पुढच्या आवर्तनाकडे ओढत न्यावं, ‘संपलं’ असं सांगू नये. भटकंतीच्या प्रसंगात ठसठशीत चाल तर शक्यतो नकोच.

शत्रू आला तरी संगीताला पत्ता नाही

सगळी वाद्यं एकत्र मिसळलेली एकच फाइल पाठवून मोकळं होणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये अवघे चार सूर होते, पण शत्रू कमी होत गेले की त्यांची लय वाढायची आणि खेळणाऱ्याच्या तळहाताला घाम फुटायचा. १९९१च्या ‘मंकी आयलंड २’साठी लुकासआर्ट्सच्या मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज ही यंत्रणा वापरली. पात्र एका जागेतून दुसरीकडे गेलं की संगीतही न अडखळता वळण घ्यायचं. आज हे काम एफमॉड आणि वाइज ही सॉफ्टवेअर करतात, आणि शिकण्यासाठी दोन्ही मोफत मिळतात.

करायचं एवढंच: एकाच लयीत, एकाच पट्टीत ताल, बास, तंतुवाद्यं असे थर वेगवेगळे रेंडर करा. लढाई सुरू झाली की तालाचा थर वर येईल. बदल धक्का देत असेल तर तो कोणत्या मात्रेवर होतोय ते बघा. प्रोग्रॅमरने ‘लगेच’ असं ठेवलं असेल तर ‘पुढच्या बारवर’, म्हणजे पुढच्या मात्रागटाच्या सुरुवातीला, करून घ्या. आणि हे सगळं गेममध्ये बसवून, स्वतः खेळून ऐका. स्टुडिओतल्या स्पीकरवर यातलं काहीही कळत नाही.

आवाजाच्या पातळीबद्दलही थोडं. सगळं दाबून, फुगवून मास्टर (अंतिम फाइल) करू नका. सोनीची घरगुती कन्सोलसाठीची शिफारस संपूर्ण गेमच्या आवाजासाठी सरासरी उणे २४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपासची आहे. त्यातच पावलं, संवाद आणि स्फोटही बसवायचे असतात.

काम आपल्याच गावात मिळेल असं धरून बसणं

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. गोष्ट भारतीय, स्टुडिओ पुण्याचा आणि संगीतकार ग्रीसचे लिनोस त्झेलोस. याचं वाईट वाटून घेण्यापेक्षा हा रस्ता उलट दिशेनेही चालतो हे ध्यानात घ्या. ग्लोबल गेम जॅमसारख्या, थोड्या वेळात चमूने गेम बनवायच्या उपक्रमांत एखाद्या चमूला मिळा. तिथला छोटा पण चालणारा गेम, डेमोमधल्या दहा भव्य ट्रॅकपेक्षा जास्त बोलतो. डेमोत दुसऱ्याच्या गेमच्या चित्रफितीवर आपलं संगीत बसवलं असेल, तर तसं स्पष्ट लिहा.

‘बघू नंतर’ म्हणत कागद टाळणं

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असेल तरच वैध ठरतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वाचताना हे आपल्या फायद्याचं वाटतं. पण गेम तर पहिल्या दिवसापासून जगभर विकला जातो, त्यामुळे या मोकळ्या जागांवरून पुढे भांडण होतंच. मोबदला तयार संगीताच्या मिनिटामागे ठरवतात. किती फेरबदल त्यात धरलेत आणि प्रकल्प मध्येच बंद पडला तर काय, हेही लिहून घ्या.

साउंडट्रॅक अल्बम कोण काढणार हे त्याच कागदावर येऊ द्या. अल्बम तुम्ही काढणार असाल तर अल्बम ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरकाच्या फॉर्ममधला यूट्यूब कंटेंट आयडीचा (व्हिडिओतलं तुमचं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) पर्याय स्टुडिओला विचारल्याशिवाय निवडू नका. नाहीतर गेम खेळून दाखवणाऱ्या प्रत्येकाच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने दावा लागतो, आणि गेमची फुकट जाहिरात करणारी तीच माणसं स्टुडिओकडे तक्रार घेऊन जातात.