होडी चिकटवण्याआधी दोन काठ्या

वडिलांबरोबर शिडाची छोटी होडी बांधायला घेणार असाल तर हे वाचून घ्या. आमची पहिली होडी तिरकी झाली, म्हणून लिहितोय.

करवत, ड्रिल, रंधा वगैरे सांगत नाही. क्लॅम्प (फळ्या घट्ट धरून ठेवणारे चिमटे) मात्र वाटतात त्याच्या दुप्पट आणा. प्लायवुड मरीनच, म्हणजे होड्यांसाठीचं, बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाचं. साध्या प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि वाकवताना ते नेमकं तिथेच मोडतं. मापाची टेप दोघांत एकच. आम्ही दोन वापरल्या; बाबा इंचांत बोलत होते, नकाशा मिलिमीटरमध्ये होता, आणि दोन फळ्या वाया गेल्या. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. कोण काय करणार हे आधी ठरवा, नाहीतर भांडण करवतीपाशी होतं.

आता मुख्य गोष्ट. फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यांत इपॉक्सी (राळ आणि हार्डनर कालवून होणारा, वाळून कडक होणारा गोंद) भरायचं. शिवून चिकटवायची ही पद्धत १९६०च्या दशकात मिरर नावाच्या होडीमुळे लोकप्रिय झाली. सोपी आहे, पण इपॉक्सी भरेपर्यंत होडी लुळी असते. जमीन किंचित असमान असली तरी तिला पीळ बसतो. पीळ पाहा. चिकटवण्याआधी पीळ पाहा. आम्ही नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या, टोकापासून मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत मोजलं, अंतर सारखं आलं, बाबा म्हणाले, "सरळ आहे की!" आणि त्याच संध्याकाळी सांधे भरले. त्या मापात पीळ दिसतच नाही! होडी पिळली तरी दोन्ही अंतरं सारखीच येतात.

म्हणून दोन सरळ काठ्या घ्या. एक पुढच्या भागात दोन्ही काठांवर आडवी ठेवा, दुसरी मागच्या फळीवर. मागे उभं राहून एका डोळ्याने पाहा: दोन्हींच्या कडा समांतर दिसायला हव्यात. नसतील तर तारा सैल करा, खालचे ठोकळे सरकवा, वर राहिलेल्या कोपऱ्यावर वजन ठेवा. मग पुन्हा पाहा. जेवून आल्यावर पुन्हा. बाबांना घाई असेल तर त्यांनाच पाहायला लावा, नंतर "मी सांगत होतो" ऐकावं लागणार नाही. आडव्या फळ्या बसवल्यावर पुन्हा काठ्या ठेवा. एकदा इपॉक्सी कडक झालं की पीळ निघत नाही. आमची होडी एका बाजूच्या वाऱ्यावर छान पळते, दुसऱ्या बाजूने वारा आला की रुसते.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर असेल तेच. हार्डनर जास्त घातल्याने लवकर वाळत नाही, मऊच राहतं. थोडं थोडं कालवा आणि पसरट भांड्यात घ्या; खोल भांड्यात ते तापतं आणि हातातच घट्ट होतं. हातमोजे दोघांनाही, याची ॲलर्जी एकदा झाली की पिच्छा सोडत नाही. घासताना मास्क. वाळल्यावर वर तेलकट थर आला तर आधी पाण्याने धुवा, मग घासा.

डेक लावण्याआधी पिळाच्या काठ्या शेवटच्या. हसू नका, ठेवा.

पुढचं सरळ आहे. इपॉक्सीवर उन्हासाठी व्हार्निश. डोलकाठी, सुकाणू, शीड नकाशाप्रमाणे. उलटली तरी तरंगावी म्हणून दोन बंद कप्पे. लाइफ जॅकेट दोन. बाबा म्हणतील मला पोहता येतं, तरी दोन.