रविवारच्या चौकटीत एक ओळ

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दूधवाल्याचा खाडा न चुकता मांडतो. तो आला ते दिवस कोरेच राहतात. त्याच कॅलेंडरवर रविवारच्या चौकटीत आठवड्यातली एक साधी, बरी गोष्ट लिहायला लागा. मोघम मात्र नको. ‘घरचे सगळे मजेत’ यातून काही हाती लागत नाही. ‘बुधवारी पाणी वेळेवर आलं, पिंप भरून कपडेही धुऊन झाले’ किंवा ‘पाऊस आला तेव्हा शेजारच्या काकूंनी न सांगता वाळवण आत घेतलं’, असं लिहा. सुचतच नसेल तर उलटा विचार करा: पाहुणे आले तेव्हाच गॅस संपला असता तर?

रोज लिहायचा हट्ट नको, ते गृहपाठासारखं उरकलं जातं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात एका गटाने अशा नोंदी आठवड्यातून एकदाच केल्या, १० आठवडे. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपलं आयुष्य अधिक बरं वाटलं. आठवडा खरंच वाईट गेला असेल तर चौकट खुशाल कोरी सोडा.

आणि ओळ एखाद्या माणसाबद्दल असली तर त्याला सांगूनही टाका. काकूंना तुमचं कॅलेंडर कुठे दिसणार आहे?