कॅनडात मेडिकलचा अर्ज आणि इंटरव्ह्यू: बदललेल्या नियमांत तयारी कशी करावी

आपल्याकडे मेडिकल म्हटलं की नीट, आणि नीटची रँक लागली की कॉलेज जवळपास ठरलंच. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, सरे इथल्या मराठी घरांतून मला जे फोन येतात, ते बहुतेक याच हिशेबाने सुरू होतात: "मुलीचे मार्क चांगले आहेत, कट-ऑफ कितीला लागेल?" कॅनडात देशभराची एक परीक्षा नाही आणि एक गुणवत्ता यादीही नाही. प्रत्येक विद्यापीठाचं गणित वेगळं आणि तेही वर्षावर्षाला बदलतं. बारावीनंतर थेट प्रवेश क्वेबेक सोडल्यास जवळपास कुठेच मिळत नाही. आधी विद्यापीठातली काही वर्षं, बहुधा पूर्ण पदवी, आणि मग अर्ज. त्यामुळे कोणतं काम आधी करायचं, कोणतं नंतर, हे नीट लावून घेणं फार गरजेचं आहे. चुकीच्या क्रमामुळे हुशार मुलांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

पायरी १: मार्कांच्या आधी पत्ता तपासा

कॅनडातली बहुतेक मेडिकल कॉलेजं फक्त नागरिकांना आणि पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाची परवानगी, असलेल्यांनाच घेतात. स्टडी परमिटवर शिकणाऱ्या मुलाने पीआर हातात येईपर्यंत यातल्या बहुतांश दारांवर जाऊ नये. त्यापुढचा प्रश्न प्रांताचा. ओंटारियो सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२६ च्या प्रवेशापासून किमान ९५ टक्के जागा ओंटारियोच्या रहिवाशांसाठी राहतील, उरलेल्या इतर प्रांतांतल्या कॅनेडियन विद्यार्थ्यांना मिळतील आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी एकही राहणार नाही. आपल्या प्रांताच्या मुलांना झुकतं माप देण्याची रीत इतर प्रांतांतही आहे.

याचा अर्थ असा की कॅल्गरीत वाढलेल्या मुलाने टोरांटोची स्वप्नं बघण्याआधी आल्बर्टाच्या जागांचा विचार करावा. "रहिवासी" कोणाला म्हणायचं याचीही व्याख्या प्रत्येक प्रांताची निराळी असते. मध्येच घर बदललं असेल, किंवा मुलगी एका प्रांतात शिकते आणि आई-बाबा दुसऱ्या प्रांतात राहतात असं असेल, तर त्या त्या विद्यापीठाचं पान शब्दन् शब्द वाचा आणि शंका असल्यास ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

भारतात पदवी झालेल्यांसाठी एक वेगळी सूचना. ओंटारियोत अर्ज करताना परदेशी गुणपत्रकांचं डब्ल्यूईएस या संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि काही विद्यापीठं कॅनडात किंवा अमेरिकेत शिकलेली वर्षंच मोजतात. एमबीबीएस करून आलेल्यांचा मार्ग तर पूर्ण वेगळा आहे. त्यांना मेडिकल कॉलेजात अर्ज करायचा नसतो, तर कॅनडाच्या मेडिकल कौन्सिलच्या परीक्षा देऊन रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातल्या पुढच्या प्रशिक्षणाची जागा, मिळवायची असते. त्या विषयाची गल्लत इथे करू नका.

पायरी २: कोण काय बघतं, ते एका वहीत मांडा

एकच अर्ज लिहून सगळीकडे पाठवायची कल्पना सोडून द्या. ओंटारियोतल्या सगळ्या कॉलेजांचे अर्ज ओमसॅस नावाच्या एकाच यंत्रणेतून जातात, पण आत प्रत्येकाची चाळणी निराळी. हॅमिल्टनचं मॅकमास्टर घ्या. तिथे अनेक वर्षं इंटरव्ह्यूला बोलावण्यासाठी जीपीएला (विद्यापीठातल्या गुणांची सरासरी) ३२ टक्के, एमकॅट या प्रवेशपरीक्षेच्या फक्त वाचनाच्या विभागाला ३२ टक्के, कॅस्पर या प्रसंगांवरच्या ऑनलाइन परीक्षेला ३२ टक्के आणि उरलेले ४ पदव्युत्तर शिक्षणाला, असा हिशेब राहिला आहे. ओटावा, उत्तर ओंटारियोचं नॉसम विद्यापीठ आणि ब्रॅम्प्टनमध्ये २०२५ साली ९४ विद्यार्थ्यांसह सुरू झालेलं टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचं नवं कॉलेज एमकॅट मागतच नाहीत. माँट्रियाल, लाव्हाल आणि शेरब्रुक ही फ्रेंच विद्यापीठंही मागत नाहीत.

सर्वांत मोठा बदल किंग्स्टनच्या क्वीन्समध्ये झाला. २०२४-२५ च्या प्रवेशफेरीपासून तिथे जीपीए, एमकॅट आणि कॅस्पर यांची किमान पातळी ठरली. ती गाठणाऱ्यांतून चिठ्ठ्या काढून पुढच्या फेरीला बोलावतात. ही फेरी एमएमआयची, म्हणजे छोट्या छोट्या अनेक मुलाखतींची, आणि त्यानंतर पॅनेल इंटरव्ह्यू. ही लॉटरी ऐकली की आपल्याकडचे पालक चिडतात. "मग मुलीने रात्री जागून अभ्यास कशाला केला?" हा प्रश्न मला रडवेल्या आवाजात विचारला गेला आहे, आणि त्यामागचं दुःख खरं आहे. तरीही ही पद्धत मला पटते. जागा शंभरेक आणि अर्ज हजारो असताना ३.९४ आणि ३.९६ या दोन जीपीएंमध्ये चांगला डॉक्टर कोण होणार, हे कोणालाच सांगता येत नाही. जो फरक खरा नाहीच, त्याला गुणवत्ता म्हणण्यापेक्षा चिठ्ठी काढणं प्रामाणिक आहे.

तुमच्या तयारीसाठी याचा परिणाम सरळ आहे. जिथे किमान पातळी पुरेशी आहे, तिथे एमकॅटचे दोन गुण वाढवायला आणखी एक उन्हाळा घालवू नका. जिथे प्रत्येक दशांश मोजला जातो, तिथे घालवा. वहीत प्रत्येक कॉलेजापुढे पाच रकाने करा: रहिवास, जीपीए कसा मोजतात, एमकॅट, कॅस्पर, इंटरव्ह्यूचा प्रकार. जीपीएचा रकाना सावकाश भरा. कोणी सगळी वर्षं धरतं, कोणी कमजोर वर्ष वगळू देतं, कोणी फक्त शेवटची वर्षं बघतं. पहिल्या वर्षी घसरलेल्या मुलाला याच रकान्यात वाट सापडते.

पायरी ३: एमकॅट आणि कॅस्पर

एमकॅट ४७२ ते ५२८ या मापावर मोजतात. चार विभाग, प्रत्येकी ११८ ते १३२. आपली मुलं रसायन आणि जीवशास्त्रात तरतात आणि वाचनाच्या विभागात, म्हणजे कार्समध्ये, अडकतात. ९० मिनिटांत ५३ प्रश्न, आणि उतारे तत्त्वज्ञान, कला, समाजशास्त्र अशा विषयांवरचे. हा विभाग क्लास लावून तीन महिन्यांत सुधारत नाही. पहिल्या वर्षापासून रोज एक लांब, कठीण इंग्रजी लेख वाचून त्याचा मुद्दा दोन वाक्यांत लिहायची सवय लावली, तर सुधारतो.

कॅस्पर ही ऑनलाइन परीक्षा. एखादा प्रसंग दाखवतात आणि तुम्ही काय कराल, का कराल ते विचारतात. काही उत्तरं टाइप करायची, काही कॅमेऱ्यासमोर बोलायची. प्रत्येक प्रसंगाचं उत्तर वेगळा परीक्षक तपासतो. शुद्धलेखनाला मार्क नाहीत, पण वेळ फार थोडा असतो. त्यामुळे सुंदर वाक्याच्या मागे लागू नका. एका फेरीत ती एकदाच देता येते, म्हणून पहिल्याच वेळी तयारीने बसा.

पायरी ४: स्वतःची हकिगत लिहिणं

ओमसॅसमध्ये सोळाव्या वर्षापासून काय काय केलं याची यादी द्यावी लागते आणि प्रत्येक नोंदीला खात्री देणारी व्यक्ती लागते. आपली मुलं इथे हमखास एक चूक करतात. हॉस्पिटलात केलेलं स्वयंसेवकाचं काम लिहितात आणि घरचं गाळतात. आजोबांना दोन वर्षं डायलिसिसला नेलं, बाबांची शिफ्ट असताना धाकट्या भावाला सांभाळलं, टिम हॉर्टन्समध्ये पहाटेची नोकरी केली, मंडळाच्या गणेशोत्सवात शंभर माणसांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली. हे सगळं लिहिण्याजोगं आहे. त्यात जबाबदारी आहे आणि ती खरी आहे. निबंध मात्र एआयकडून लिहून घेऊ नका. इंटरव्ह्यूत त्याच प्रसंगाबद्दल विचारलं, तर उसन्या शब्दांमागे आठवण नसते आणि ते लगेच कळतं.

ओंटारियोची अंतिम तारीख साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला असते. रेफरन्स देणाऱ्यांना उन्हाळ्यातच गाठा.

पायरी ५: इंटरव्ह्यू

पूर्वी तीन-चार जणांच्या पॅनेलसमोर बसायचं आणि "डॉक्टर का व्हायचंय?" याचं उत्तर द्यायचं. मॅकमास्टरच्या केव्हिन इव्हा, हॅरॉल्ड रायटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीतला दोष हेरला. एका पॅनेलचं मत त्या एका भेटीवर, एका मूडवर उभं असतं. त्यांनी एमएमआय, म्हणजे छोट्या छोट्या अनेक मुलाखतींची माळ तयार केली आणि २००४ मध्ये त्यावर संशोधन प्रसिद्ध केलं. मूळ रचनेत दहा खोल्या. दाराबाहेर दोन मिनिटं प्रसंग वाचायचा, आत आठ मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की पुढच्या दाराकडे. आज ही पद्धत कॅनडाभर रुळली आहे, प्रत्येकाच्या थोड्या फरकाने. टोरांटोत मात्र थोड्या, एकास एक छोट्या मुलाखती घेतात. कोविडमध्ये सगळं ऑनलाइन गेलं. काही ठिकाणी अजून तसंच आहे, काही ठिकाणी प्रत्यक्ष बोलावतात, म्हणून आमंत्रणाचं पत्र नीट वाचा.

एक प्रसंग घेऊ. हा मी सरावासाठी स्वतः रचलेला आहे. तुम्ही हॉस्पिटलात स्वयंसेवक आहात. सत्तरीच्या एका बाईंना कॅन्सरचं निदान झालंय. त्यांना इंग्रजी येत नाही. मुलगा तुम्हाला बाजूला घेऊन म्हणतो, "आईला काही सांगू नका, ती खचेल. डॉक्टर बोलतील तेव्हा भाषांतर मीच करेन." तुम्ही काय कराल?

सरावात बहुतेक मुलं अर्ध्या मिनिटात निकाल देतात. कोणी म्हणतं, "रुग्णाचा हक्क आहे, सांगायलाच हवं." कोणी म्हणतं, "कुटुंबाचा मान ठेवायला हवा." आणि मग साडेसात मिनिटं बोलायला काही उरत नाही.

त्याऐवजी असं चाला. आधी मुलाचं ऐका. त्याला कशाची भीती वाटते? आईचं आधी काही झालं होतं का, वडिलांच्या वेळचा काही अनुभव आहे का? मग स्वतःची जागा ओळखा. मी स्वयंसेवक आहे. निदान सांगणं माझं काम नाही, लपवण्याचं वचन देणंही नाही. मी नर्सना किंवा डॉक्टरांना हे कळवेन, आणि कळवणार आहे हे मुलालाही सांगेन. त्यानंतर आईंकडे या, कारण या गोष्टीत सगळे बोलले, फक्त त्याच बोलल्या नाहीत. डॉक्टर त्यांना विचारू शकतात: "तुम्हाला तब्येतीबद्दल किती जाणून घ्यायचंय? कोणाशी बोलावं?" त्या म्हणाल्या, "जे काय असेल ते मुलाला सांगा," तर तो त्यांचा स्वतःचा निर्णय आहे आणि तो मानता येतो. पण हे विचारताना दुभाष्या हॉस्पिटलचा हवा, मुलगा नको. त्याच्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे, तर आईच्या कॅन्सरची बातमी स्वतःच्या तोंडाने सांगायचं ओझं त्याच्यावर पडू नये म्हणून. शेवटी, कशाने आपलं मत बदलेल तेही सांगा. आईंना स्मृतिभ्रंश असेल आणि निर्णय घेण्याची क्षमता नसेल, तर ओंटारियोच्या १९९६ च्या हेल्थ केअर कन्सेंट ॲक्टप्रमाणे त्यांच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती कोण, हे बघावं लागेल.

आपल्या घरांत "आजीला सांगू नका" हे वाक्य कोणी ऐकलं नाही? तुम्ही ऐकलं असेल, तर ते इंटरव्ह्यूत सांगा. दोन्ही बाजू आतून माहीत असणं ही मोठी जमेची बाजू आहे. पण ती नुसती मांडू नका, त्यातून तुम्ही काय शिकलात तेही जोडा.

सराव असा करा. मोबाइलवर दोन आणि आठ मिनिटांचा टायमर लावा. समोर मेडिकलशी संबंध नसलेलं माणूस बसवा, शेजारी किंवा मावशी. खऱ्या एमएमआयतही काही परीक्षक समाजातले सामान्य लोक असतात. संपल्यावर त्यांना एकच विचारा, "मी काय म्हणालो, ते तुम्ही सांगा." त्यांना सांगता आलं नाही, तर उत्तर विस्कळीत होतं. रेकॉर्डिंग स्वतः पाहा. नको वाटतं, तरी पाहा. पाठ केलेली उत्तरं फेकून द्या. परीक्षक मध्येच प्रश्न बदलतात आणि पाठांतर तिथेच कोसळतं. काही खोल्यांत समोर अभिनेता असतो, रागावलेला किंवा रडणारा. तिथे उपाय सुचवायची घाई करू नका. आधी गप्प बसून ऐकता येतं का, हेच बघितलं जातं. एक खोली बिघडली तर ती मागे सोडा. पुढच्या परीक्षकाला त्यातलं काही ठाऊक नसतं, आणि पद्धत मुद्दाम तशीच आखलेली आहे.

पार्श्वभूमीसाठी थोडं वाचून ठेवा: १९८४ चा कॅनडा हेल्थ ॲक्ट आणि त्याची पाच तत्त्वं, वैद्यकीय मदतीने मरण घेण्याचा २०१६ चा कायदा, आदिवासी मुलांच्या निवासी शाळांमधल्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन आयोगाची ९४ आवाहनं. ब्रायन सिंक्लेअर २००८ मध्ये विनिपेगच्या इमर्जन्सीत ३४ तास थांबून वारले, जॉयस एचाक्वान २०२० मध्ये क्वेबेकच्या हॉस्पिटलात अपमान सोसत वारल्या. दोघंही आदिवासी समाजातले. बाहेरून आलेल्या आपल्यासारख्या घरांत या गोष्टी बोलल्या जात नाहीत, म्हणून मुद्दाम वाचा. या देशात डॉक्टर व्हायचं असेल तर हे माहीत असायलाच हवं.

एक कळकळीची विनंती. इंटरव्ह्यूआधी गुप्ततेची अट मान्य करून घेतात. आत काय विचारलं ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका आणि कोणाकडे मागूही नका. ज्या पेशात लोक आपली गुपितं सोपवणार आहेत, त्याचं पहिलं वचनच मोडून आत जाऊ नये.

पायरी ६: उत्तर आल्यावर

ओंटारियोतली सगळी कॉलेजं मे महिन्यात एकाच दिवशी पहिले निकाल पाठवतात. वेटलिस्ट आली तर ती नकार समजू नका, नावं पुढे उन्हाळ्यात सरकतात. नकार आला तर ऑगस्टची वाट न बघता वही उघडा, कोणता रकाना कमी पडला ते बघा.

प्रवेश मिळाला की पोलीस तपासणी आणि लसीकरणाची कागदपत्रं मागतात. इथे भारतात जन्मलेल्या मुलांची धावपळ होते. लहानपणीची लसीची कार्डं पुण्याच्या किंवा नाशिकच्या घरातल्या कुठल्यातरी कपाटात असतात. बीसीजी घेतलेली असेल तर टीबीची त्वचाचाचणी कधी कधी पॉझिटिव्ह येते, आणि मग छातीचा एक्स-रे काढावा लागतो. त्यात आठवडे जातात. ते कार्ड आत्ताच शोधायला सांगा आणि स्पष्ट फोटो काढून मागवून ठेवा.