लिनक्सची पहिली परीक्षा: एलपीआयसी-१ ची तयारी घरच्या संगणकावर कशी करावी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची अनेक मुले बीसीए किंवा बी.एस्सी. झाल्यावर सर्व्हर सांभाळण्याच्या नोकरीचा विचार करतात आणि त्यासाठी कोणते प्रमाणपत्र घ्यावे, असे विचारतात. माझ्या मते सुरुवात लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या परीक्षा घेणाऱ्या लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या एलपीआयसी-१ पासून करावी, कारण ते कोणत्याही एका कंपनीच्या लिनक्सला बांधलेले नाही आणि त्याचा अभ्यासक्रम संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुला आहे.

या प्रमाणपत्रासाठी १०१ आणि १०२ अशा दोन परीक्षा पाच वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हाव्या लागतात. प्रत्येक परीक्षेत ६० प्रश्न आणि ९० मिनिटे असतात. गुण २०० ते ८०० या पट्टीवर मोजले जातात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५०० लागतात. बरेचसे प्रश्न पर्यायांचे असतात, पण काही ठिकाणी कमांडचे किंवा फाइलचे नाव स्वतः टंकावे लागते. तिथे समोर पर्याय नसतात, त्यामुळे नुसते ओळखीचे वाटणारे नाव कामाला येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून टर्मिनल, म्हणजे कमांड टंकण्याची खिडकी, उघडी ठेवूनच अभ्यास करावा. (कमांडची नावे मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी लहान अक्षरांतच टंकावीत, कारण लिनक्स लहान आणि मोठ्या अक्षरांत भेद करतो.)

सरावासाठी महागडे यंत्र लागत नाही. ८ जीबी मेमरी असलेल्या जुन्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स टाकून प्रत्येकी २ जीबीची दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक, तयार करावीत, एकात डेबियन आणि दुसऱ्यात अल्मालिनक्स हा लिनक्सचा प्रकार टाकावा. दोन घेण्याचे कारण असे की, परीक्षेत सॉफ्टवेअर टाकण्या-काढण्याची साधने म्हणून डेबियन घराण्याचे एपीटी आणि डीपीकेजी विचारले जाते, तसेच अल्मालिनक्स ज्यात मोडते त्या रेड हॅट घराण्याचे आरपीएम आणि यमही विचारले जाते. एकाच घराण्यावर वाढलेला विद्यार्थी इथे हमखास गुण गमावतो. दोन्ही मशीन डेस्कटॉपशिवाय ठेवावीत आणि इन्स्टॉल करताना रूटला, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याला, पासवर्ड द्यावा. त्याचे कारण पुढे येईल.

वेळेची वाटणी भारांक पाहून करावी. अभ्यासक्रमातील प्रत्येक घटकाला भारांक दिलेला असतो आणि १०१ मध्ये त्यांची बेरीज ६० होते. त्यापैकी २६ एकट्या जीएनयू आणि युनिक्स कमांडच्या विषयाला आहेत. संगणकाची रचना आणि बूट प्रक्रियेला मात्र ८ आहेत. दर वेळी पहिल्या प्रकरणापासून वाचायला बसणारे विद्यार्थी बूट प्रक्रियेत महिना घालवतात आणि जिथे निम्म्याच्या जवळपास प्रश्न आहेत तिथे पोहोचेपर्यंत थकलेले असतात. मी त्यांना थेट कमांडच्या विषयापासून सुरुवात करायला सांगतो.

या विषयाचा सराव लहान, डोळ्यांनी तपासता येणाऱ्या फाइलवर करावा. समजा, एका फाइलमध्ये एकेका ओळीवर यावल, रावेर, यावल, यावल, चोपडा अशी नावे आहेत. तिच्यावर युनिक (uniq) चालवले तर यावल दोनदा उरते, कारण युनिक फक्त लागून आलेल्या सारख्या ओळी एकत्र करते. आधी सॉर्ट, मग पाइप (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ), मग युनिक असे केले की तीनच नावे राहतात. युनिकला सी हा पर्याय दिला तर प्रत्येक नाव किती वेळा आले तेही कळते. पुढची पायरी म्हणून ईटीसी डिरेक्टरीतील पासवर्ड फाइल (passwd) घ्यावी. सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे तिचेही रकाने ठरलेले आहेत: कोलनने वेगळे केलेले सात रकाने, पहिल्यात वापरकर्त्याचे नाव आणि सातव्यात त्याचा शेल, म्हणजे त्याच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. कट वापरून केवळ सातवा रकाना काढावा, तो सॉर्ट करावा आणि कोणता शेल किती जणांना आहे ते मोजावे. एवढ्या एका गणितात चार-पाच प्रश्नांची तयारी होते.

रीडायरेक्शनवर, म्हणजे कमांडचे आउटपुट पडद्याऐवजी दुसरीकडे वळवण्यावर, मी सर्वांत जास्त वेळ घालवायला लावतो. यात आउटपुटच्या प्रवाहाचा क्रमांक एक आणि त्रुटींच्या प्रवाहाचा दोन असतो. आउटपुट आणि त्रुटी दोन्ही एकाच फाइलमध्ये न्यायच्या असतील, तर आधी आउटपुट फाइलकडे वळवावे आणि त्यानंतर दोन क्रमांकाचा प्रवाह एकच्या मागे जोडावा. क्रम उलटा केला तर त्रुटी पडद्यावरच दिसतात, कारण जोडणी होते त्या क्षणी एक क्रमांकाचा प्रवाह अजून पडद्याकडेच जात असतो. शेल ही चिन्हे डावीकडून उजवीकडे वाचतो, हे कळले की पाठांतराची गरज संपते.

फाइलच्या परवानग्यांच्या बाबतीत युमास्क, म्हणजे नव्या फाइलला कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते सांगणारा आकडा, वजा करण्याची पद्धत शिकवली जाते. ती अर्धवट आहे. युमास्क ०२७ असेल तर नवी फाइल ६४० आणि नवी डिरेक्टरी ७५० होते. मात्र युमास्क ०३३ असताना ६६६ मधून वजाबाकी केली तर ६३३ येते आणि प्रत्यक्षात फाइल ६४४ होते. युमास्क फक्त असलेल्या परवानग्या काढून घेतो, तो आकडे वजा करत नाही. हे बिटांत मांडून एकदा कागदावर सोडवावे. तसेच व्हीआय एडिटरची सवय व्हावी यासाठी सरावातील प्रत्येक फाइल त्यातच लिहावी.

फाइलप्रणालीचा विषय मला स्वतःला एका चुकीने शिकवला. सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची (माउंट करायची) याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये मी नव्या डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, एका अक्षराने चुकवला आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर ते आपत्कालीन शेलमध्ये अडकले. रूटचा पासवर्ड होता म्हणून आत जाता आले, ती ओळ दुरुस्त करता आली. ही चूक प्रत्येकाने आधी स्नॅपशॉट (व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची जतन केलेली प्रत) घेऊन मुद्दाम करावी आणि स्नॅपशॉटचा आधार न घेता निस्तरावी. बूट आणि माउंट यांचा संबंध त्यानंतर विसरला जात नाही.

१०२ मध्ये शेल स्क्रिप्ट, क्रॉन, नेटवर्क आणि सुरक्षा येते. त्यातील क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सेवेचे) पाच रकाने आणि सबनेटची (नेटवर्कचे लहान भाग पाडण्याची) गणिते रोज थोडी करावीत. उदाहरणार्थ, २६ बिटांच्या मास्कमध्ये ६४ पत्ते असतात आणि त्यातील ६२ यंत्रांना देता येतात.

दररोज दोन तास मिळाले तर एका परीक्षेला साधारण तीन महिने पुरतात, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि खेड्यांत भारनियमनाचा भरवसा नसतो, म्हणून सराव पहाटे करावा. वीज नसेल तेव्हा वाचता यावीत म्हणून कमांडची मॅन पाने (लिनक्समध्येच असलेली माहितीपाने) फाइलमध्ये काढून फोनवर ठेवावीत. मॅन पानांच्या इंग्रजीला मराठी माध्यमातल्या मुलांनी घाबरू नये. त्यातील शब्द मोजके असतात आणि दहा-बारा पाने वाचली की तेच तेच पुन्हा भेटतात.

एका क्लासने माझ्या ओळखीच्या एका मुलाला परीक्षेतून चोरलेल्या प्रश्नांची फाइल पैसे घेऊन दिली होती. त्यातील कित्येक उत्तरे चुकीची होती आणि ती त्याने मन लावून पाठ केली होती. अशा फायली वापरणे परीक्षेच्या नियमांविरुद्ध आहे, त्या घेऊ नयेत.

परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन देता येते. ऑनलाइन परीक्षेत खोलीत दुसरे कोणी येऊन चालत नाही आणि कॅमेरा व इंटरनेट अखंड लागते. भरल्या घरात आणि वीज जाणाऱ्या गावात हे अवघड आहे, तेव्हा एक दिवसाचा प्रवास पडला तरी केंद्रच निवडावे. नोंदणी करताना नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळवावे. आपल्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी असते आणि आधार किंवा पासपोर्टवर क्रम वेगळा असू शकतो. ही तफावत परीक्षेच्या सकाळी दारात लक्षात येण्यापेक्षा शुल्क भरण्याआधी दुरुस्त करून घ्यावी.