रोलप्लेमध्ये पात्राची कृती कशी लिहावी

चॅटवरच्या रोलप्लेमध्ये, म्हणजे एकेक पात्र घेऊन आळीपाळीने लिहीत खेळायच्या खेळात, पात्राचं बोलणं बहुतेकांना जमतं. गाडी अडते ती पात्र काय करतं हे लिहिताना. समोरचा खेळाडू तुमच्या कृतीवरूनच आपली पुढची चाल ठरवतो, म्हणून प्रत्येक कृतीत त्याला शिरायला फट ठेवावी लागते. उदाहरणाला १२९६ सालची देवगिरी घेऊ. अलाउद्दीन खिलजीची फौज खाली येऊन ठेपली आहे. किल्ल्याच्या अंधारीत, त्या वळणावळणाच्या काळोख्या भुयारात, पहारेकरी नागदेव आणि एक हेर समोरासमोर आले आहेत, असं खेळापुरतं धरू.

आधी खुणा ठरवा. दोन तारकांमधला (*) मजकूर व्हॉट्सअॅपवर ठळक होतो, तोच डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर तिरका. अंडरस्कोर (_) मात्र दोन्हीकडे तिरकाच करतो, म्हणून कृतीला अंडरस्कोर आणि बोलण्याला अवतरणचिन्ह हे सोयीचं. व्हॉट्सअॅपवर खूण अक्षराला चिकटूनच हवी, मध्ये जागा राहिली की खुणा तशाच उघड्या दिसतात. ‘जेवून येतो’ यासारखं खेळाबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात टाका.

मग काळ. तृतीय पुरुष आणि वर्तमानकाळ घ्या: ‘नागदेव सुरा उपसतो’. ‘नागदेवने सुरा उपसला’ म्हटलं की गोष्ट होऊन गेली, मध्ये हात घालायला वावच उरत नाही. दोन्ही पात्रं पुरुष असतील तर सर्वनामं जपून वापरा. ‘तो त्याचा हात धरतो आणि त्याच्या कानाजवळ येतो’ यात कोणाचा हात आणि कोणाचा कान? अशा जागी सरळ नाव लिहा.

आता खरी मेख. नवखा खेळाडू असं लिहितो:

_नागदेव रागाने हेराला खाली पाडतो आणि त्याचा सुरा हिसकावून घेतो._

इथे हेराचं पडणंही नागदेवनेच ठरवलं आणि सुरा सोडणंही. हेर खेळणाऱ्याने करायचं काय? याला खेळाडू गॉडमोडिंग म्हणतात, आणि चांगले चाललेले खेळ बहुधा यानेच मोडतात. यावरचा इलाज मराठी क्रियापदातच आहे: धरू पाहतो, धरायला जातो, धरण्याच्या बेतात आहे. प्रयत्न तुमचा, निकाल समोरच्याचा. तोच प्रसंग पुन्हा लिहू:

_नागदेव श्वास रोखतो. डावा तळवा ओल्या दगडावरून सरकवत एक पाऊल पुढे टाकतो. पायाखालचा खडा घरंगळतो. आवाज आला त्या दिशेने तो झेपावतो आणि समोरच्याचं मनगट धरू पाहतो._ “कोन हाय? कामून आलास हितं?”

‘रागाने’ गेलं, त्याच्या जागी रोखलेला श्वास आणि झेप आली. घरंगळलेल्या खड्याने हेराला सावध व्हायची संधी दिली. मनगट हाती लागलं की नाही, हे हेर सांगेल. यात डोळ्यांना दिसणारं काहीच नाही, हेही बघा. अंधारीत दिवटी नसेल तर हेराच्या कपाळावरचा घाम नागदेवला दिसणार कसा? आवाज, स्पर्श आणि वास यांवरच काम भागवा. ‘फितुरीच्या शंकेने नागदेवचं मन पोखरतं’ असली वाक्यंही टाळा. समोरच्या पात्राला मनातलं ऐकू येत नाही, आणि खेळाडूने ते वाचलं की त्याचं पात्र नकळत त्यावर वागू लागतं.

काळाचं भानही ठेवा. १२९६ च्या शिपायाच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा नको, मिरची पुढे पोर्तुगिजांबरोबर आली. त्याला ज्वारीची भाकरी, मीठ आणि कांदा द्या. गडावरची मेंढा तोफही नंतरची.

बोली बोलण्यातच ठेवा. ‘काय करायलास’, ‘कामून’ हे नागदेवच्या तोंडी शोभतं, पण कृतीच्या ओळीतही अधूनमधून डोकावलं तर कोण बोलतंय तेच कळेना होतं. ‘खसकन’, ‘धाडदिशी’ असे शब्द एका पोस्टमध्ये एकच पुरे.

लांबी मारामारीत दोन-तीन ओळी, निवांत प्रसंगात पाच-सहा. डिस्कॉर्डवर एका संदेशाची साधी मर्यादा २००० अक्षरांची, आणि देवनागरीत मात्रा नि हलन्त वेगळे मोजले जातात: ‘कि’ची दोन, ‘क्ष’ची तीन. त्यामुळे मर्यादा वाटते त्याहून लवकर संपते.

पाठवण्याआधी स्वतः हेर होऊन एका ओळीत उत्तर देऊन बघा. वरच्या पोस्टला असं सहज देता येतं:

_हेर मनगट मागे खेचतो, पण अंगरख्याची बाही नागदेवच्या मुठीत अडकते._ “हळू! वर धूर करायलेत, वास येईना का तुला?”